आपले वैभव आणि परक्या भाषेतील नेमका शब्द

(रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीतील विद्यार्थी व पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने मराठ्यांच्या बारा दुर्गांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. या बारा दुर्गांत दुर्गराज रायगड आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु थळच्या किनाऱ्यासमोर भर समुद्रात उभा असलेला खांदेरीही त्याच यादीत आहे, याची जाणीव किनाऱ्यावरच्या किती घरांत आहे? १६७९ साली शिवछत्रपतींनी मायनाक भंडारी यांच्याकरवी हे बेट बांधावयास घेतले. मुंबईकर इंग्रजांनी आरमार पाठवून ते काम थांबविण्याचा प्रयत्न केला. तट रचला जात होता आणि त्याच वेळी लढाईही चालली होती. अखेरीस १६८० च्या आरंभी इंग्रजांना आपली जहाजे मागे घ्यावी लागली.

आता या दुर्गासंबंधी जगाला सांगावयाचे आहे. जागतिक वारशाचा प्रस्ताव इंग्रजी किंवा फ्रेंच या दोनच भाषांत सादर करावा लागतो. पुढे येणारे अभ्यासक, पर्यटक, माहितीपट काढणारे, संग्रहालयवाले या सर्वांशी व्यवहार होतो तो बहुतांशी इंग्रजीत. थळचा, अलिबागचा, मुरुडचा तरुण या पाहुण्यांना होडीत बसवून नेईल. परंतु गडाच्या दरवाजात उभे राहिल्यावर त्याच्याकडे 'ओल्ड फोर्ट', 'व्हेरी बिग', 'व्हेरी ब्युटिफुल' एवढेच शब्द असतील, तर साडेतीनशे वर्षांचा पराक्रम आणि स्थापत्यकौशल्य त्या तीन शब्दांत मावणार आहे काय? आपले सांगणे अपुरे पडले की दुसरे कोणी तरी ते सांगू लागते, आणि तो आपल्या शब्दांत व आपल्या दृष्टीने सांगतो. म्हणून कला, स्थापत्य आणि साहित्य यांविषयी बोलण्याची इंग्रजी शब्दसंपत्ती कशी मिळवावी, हा प्रश्न केवळ परीक्षेच्या गुणांचा उरत नाही.

शब्दाबरोबर दृष्टी येते

इंग्रजांच्या जुन्या कागदपत्रांत उंदेरी-खांदेरीचे रूप 'हेनरी-केनरी' असे झाले आहे. उच्चार जमला नाही, एवढ्यावर ते सोडून देता येईल. परंतु सरखेल कान्होजी आंग्रे यांना त्याच कागदपत्रांत 'पायरेट' म्हणजे चाचा म्हटले आहे, ते सोडून देता येत नाही. कान्होजी हे मराठी राज्याचे सरखेल होते. किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजांना त्यांच्याकडून दस्तक घ्यावे लागे. १७१८ साली इंग्रजांनी खांदेरीवर केलेला हल्ला फसला. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर चढाई केली, तीही फसली. राज्याच्या वतीने समुद्रावर हुकमत चालविणाऱ्या अधिकाऱ्यासाठी इंग्रजीतच 'अॅडमिरल' हा शब्द आहे. आज मुंबईतील नौदलाच्या तळाला 'आयएनएस आंग्रे' असे नाव आहे. तरीही इंग्रजीत लिहिताना आपलाच विद्यार्थी 'पायरेट' हा शब्द उचलतो. त्याच्या मनात अनादर नसतो. दुसरा शब्द त्याला कोणी दिलेला नसतो, एवढेच.

'आयडॉल' या शब्दाचेही तसेच. ज्या धर्मपरंपरेत मूर्तिपूजा निषिद्ध मानली गेली, त्या परंपरेतून हा शब्द इंग्रजीत रूढ झाला आणि 'खोटा देव' ही छटा त्याला चिकटून आली. आज तो सरसकट वापरला जातो. बोलणाऱ्याच्या मनात ती छटा नसतेही. परंतु निवडीला वाव असेल तेव्हा 'इमेज', 'आयकॉन' किंवा सरळ 'मूर्ती' हे शब्द अधिक योग्य ठरतात. मूर्तींच्या शास्त्राला इंग्रजीत 'आयकॉनोग्राफी' म्हणतात, हे ध्यानात ठेवले की पुढची वाट सोपी होते. 'मिथ' या शब्दाला विद्वानांच्या परिभाषेत वेगळा, गंभीर अर्थ आहे. बाजारात मात्र त्याचा अर्थ 'खोटी समजूत' असाच होतो. पुराणकथेला 'मिथ' म्हणताना आपण कोणत्या सभेत बोलत आहोत, हे म्हणूनच पाहावे लागते.

दुर्गाची परिभाषा

आपल्याकडे शब्द नाहीत, ही समजूत या किनाऱ्याने तरी बाळगू नये. किल्ला म्हणजे शब्दांची खाणच आहे. तटाला 'रॅम्पार्ट' म्हणावे, बुरुजाला 'बॅस्टियन'. तटाच्या माथ्यावरील दातेरी चर्या इंग्रजीत 'मर्लन' होतात. बंदुकीचा मारा करण्यासाठी ठेवलेली अरुंद जंगी म्हणजे 'लूपहोल', आणि तोफेसाठी ठेवलेले रुंद तोंड म्हणजे 'एम्ब्रेझर'. मोठ्या दरवाजातील लहान दिंडी म्हणजे 'विकेट गेट'. बालेकिल्ल्याला 'सिटाडेल' आणि पाण्याच्या टाक्याला 'सिस्टर्न' म्हणतात. पडकोटाला 'आउटवर्क' चालेल. मुरुडजवळच्या पद्मदुर्गावर मुख्य कोट आणि पडकोट दोन्ही पाहावयास मिळतात. एवढे आठ-दहा शब्द आले तरी किल्ल्याचे वर्णन करणाऱ्याची भाषा बदलते.

काही ठिकाणी मात्र इंग्रजी शब्द अपुरा पडतो. रायगडासारख्या गडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या कवेत, वळणावर दडविलेला असतो. या गोमुखी रचनेला इंग्रजीत तयार प्रतिशब्द नाही. तेथे 'गोमुखी' हाच शब्द ठेवावा आणि पुढे एका वाक्यात सांगावे की शत्रूला दरवाजा दुरून दिसू नये, हत्तीला धडक देण्यासाठी धाव घेता येऊ नये आणि वळणावर त्याच्यावर वरून मारा करता यावा, यासाठी ही योजना आहे. शब्द आपला आणि स्पष्टीकरण इंग्रजी, हा मार्ग सर्वांत सरळ आहे.

वर्णन नेमके असले की कौशल्य आपोआप दिसू लागते. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याच्या तटात मोठमोठे दगड चुन्याशिवाय एकावर एक रचले आहेत. लाट आपटली की पाणी फटींतून आत शिरते आणि माऱ्याचा जोर कमी होतो. या बांधणीला इंग्रजीत 'ड्राय मेसनरी' म्हणतात. पद्मदुर्गावर दृश्य उलटे आहे. तेथे खाऱ्या वाऱ्याने आणि पाण्याने दगड झिजून पोखरले गेले, परंतु दोन दगडांमधला चुना तसाच उभा आहे. हा चुना म्हणजे 'लाइम मॉर्टर', आणि झिजलेला दगड म्हणजे 'वेदर्ड स्टोन'. एका किल्ल्यावर चुना वापरला नाही आणि दुसऱ्यावर दगडापेक्षा चुना टिकला, हे दोन वाक्यांत सांगणारा मार्गदर्शक पाहुण्याच्या कायमचा लक्षात राहील.

जंजिऱ्याच्या दरवाजाजवळ हत्तींना पंजांत पकडलेल्या पशूचे शिल्प आहे. बहुतेक जण त्याला इंग्रजीत 'लायन' किंवा 'टायगर' म्हणून मोकळे होतात. तो शरभ आहे. शरभ हा आपल्या परंपरेतील कल्पित, सिंहाहूनही बलवान पशू, आणि महाराष्ट्रातील अनेक दुर्गांच्या दरवाजांवर तो कोरलेला आढळतो. 'मिथिकल बीस्ट' असे म्हणून पुढे 'शरभ' हे नाव सांगितले, तर शिल्पाचा अर्थही पोहोचतो आणि नावही.

ओळखीचे, परंतु फसवे शब्द

विद्यार्थ्यांना कठीण शब्दांची भीती वाटते. खरा धोका सोप्या शब्दांत असतो. 'कॅपिटल' म्हणजे राजधानी किंवा भांडवल, हे सर्वांना ठाऊक असते; स्थापत्यात 'कॅपिटल' म्हणजे स्तंभशीर्ष. 'रिलीफ' म्हणजे आराम किंवा मदत. शिल्पकलेत 'रिलीफ' म्हणजे पार्श्वभूमीतून उठाव दिलेले शिल्प, उत्थित शिल्प. 'स्कूल' म्हणजे शाळा. चित्रकलेत तीच 'स्कूल' म्हणजे परंपरा, संगीतात जसे घराणे. 'मूव्हमेंट' म्हणजे हालचाल. कलेच्या इतिहासात 'मूव्हमेंट' म्हणजे चळवळ. 'स्टिल लाइफ' याचा जीवनाशी संबंध नाही; ते स्थिरवस्तुचित्र. इंग्रजी वाचताना विद्यार्थी याच शब्दांवर अडखळतो, कारण आपल्याला अर्थ कळला असे त्याला वाटत असते आणि तो कोश उघडत नाही.

उच्चारांचेही तसेच. इमारतीच्या दर्शनी बाजूला जो शब्द आहे तो 'फसाड' असा उच्चारावयाचा. स्पेलिंग पाहून 'फॅकेड' म्हणणारे पुष्कळ आढळतात. छायाप्रकाशाच्या योजनेचा शब्द इटालियनमधून आला आहे, त्याचा उच्चार 'किआरोस्क्युरो'. साहित्यप्रकार या अर्थाचा 'झॉन्र' फ्रेंचमधला. म्हणजे इंग्रजीची ही श्रीमंतीही उसनवारीची आहे! लॅटिन, ग्रीक, फ्रेंच, इटालियन यांच्याकडून तिने मोकळेपणाने शब्द घेतले. हिंदुस्थानातूनही घेतले, 'बंगलो' हा आपला बंगलाच, आणि 'व्हरांडा'ही पोर्तुगीजांच्या संगतीने येथूनच तिकडे गेला. आपल्या मराठीनेही पोर्तुगीजांकडून चावी, पगार, बटाटा, अननस घेतले. कोर्लईच्या गावात तर पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून जन्मलेली बोली आजही बोलली जाते. घेणाऱ्या भाषेला कमीपणा येत नाही. स्वतःचे टाकून देणारी भाषा मात्र दुबळी होते.

विद्वानांच्या हातूनही शब्द चुकतात. अजिंठ्याच्या चित्रांना पुस्तकांतून सर्रास 'फ्रेस्को' म्हटले जाते. खरा फ्रेस्को ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंगवितात. अजिंठ्याची चित्रे वाळलेल्या गिलाव्यावर, रंगात चिकट द्रव्य मिसळून काढलेली आहेत. त्यांना 'टेम्परा' किंवा नुसते 'म्युरल' म्हणजे भित्तिचित्र म्हणावे. चुकीचा शब्द रूढ झाल्याने आपल्या चित्रकारांचे स्वतंत्र तंत्रच झाकले गेले.

मूर्ती आणि मंदिर

कुलाबा किल्ल्यातील सिद्धिविनायकाचे मंदिर राघोजी आंग्रे यांनी १७५९ साली बांधले. तेथे गणेश पंचायतन आहे. गणपतीबरोबर शिव, विष्णू, सूर्य आणि देवी यांच्या मूर्ती एकाच ठिकाणी पूजिल्या जातात. 'पंचायतन' याला इंग्रजी प्रतिशब्द शोधण्याची खटपट करू नये. सभामंडप, अंतराळ, गर्भगृह, शिखर, आमलक, कलश हे शब्दही इंग्रजी ग्रंथांत तसेच वापरले जातात. या मानाच्या मागे काही विद्वानांची तपश्चर्या आहे. आनंद कुमारस्वामी यांनी भारतीय कलेचा विचार भारतीय संकल्पनांतून इंग्रजीत मांडला. स्टेला क्रॅमरिश या विदुषीने १९४६ साली कलकत्ता विद्यापीठातर्फे प्रसिद्ध झालेल्या 'द हिंदू टेम्पल' या द्विखंडात्मक ग्रंथात शिल्पशास्त्राची संस्कृत परिभाषा जगापुढे ठेवली. आज जगातील कोणत्याही मोठ्या ग्रंथालयात 'शिखर' आणि 'मंडप' हे शब्द कलेच्या पुस्तकांत सापडतात. मग आपल्याच मुलाने 'टॉवर' आणि 'हॉल' यांवर का थांबावे?

पेणचे गणपती जगभर जातात. त्या कारखान्यांतील भाषा ऐकावी. शाडू, साचा, कच्ची मूर्ती आणि सर्वांत अवघड अशी डोळ्यांची आखणी! साच्याला 'मोल्ड' आणि साच्यातून काढलेल्या मूर्तीला 'कास्ट' म्हणता येईल. परंतु आखणीला 'पेंटिंग द आइज' म्हटले की काम समजते, महत्त्व समजत नाही. ही आखणी साधली की मूर्तीला सजीवपणा येतो आणि म्हणूनच ती कसबी हाताकडे दिली जाते, हे इंग्रजीत सांगता येणारा तरुण पेणच्या एखाद्या कुटुंबात निघाला, तर परदेशी गेलेल्या मूर्तीबरोबर तिच्यामागची कलाही पोहोचेल.

साहित्याची गोष्ट

साहित्यात तर आपले भांडार आधीच भरलेले आहे. शाळेत शिकविलेले अलंकार आठवावेत. उपमा म्हणजे 'सिमिली', रूपक म्हणजे 'मेटाफर', अनुप्रास म्हणजे 'अलिटरेशन', श्लेष म्हणजे 'पन', अतिशयोक्ती म्हणजे 'हायपरबोली', चेतनगुणोक्ती म्हणजे 'पर्सॉनिफिकेशन'. ज्याला मराठी व्याकरण नीट आले त्याला हे इंग्रजी शब्द एका दुपारी येतात. ज्याला मराठीच आले नाही त्याला दोन्हीकडचे पाठ करावे लागतात आणि दोन्हीकडचे विसरतात. उत्प्रेक्षेसाठी इंग्रजीत नेमका एक शब्द नाही आणि 'रस' या संकल्पनेसाठी तर नाहीच नाही. त्यामुळे भरताचा रसविचार जगभर 'रस' याच नावाने अभ्यासला जातो.

पोवाड्याचे उदाहरण बोलके आहे. मुंबईत अधिकारी असलेल्या अॅकवर्थ यांनी शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासमवेत १८९१ साली ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला आणि १८९४ साली त्यांतील निवडक पोवाडे 'बॅलड्स ऑफ द मराठाज' या नावाने इंग्रजीत आणले. तेव्हापासून पोवाड्याला 'बॅलड' म्हणण्याची प्रथा पडली. कथा सांगणारे लोकगीत एवढ्यापुरता तो शब्द चालतो. परंतु डफाचा ताल, झीलकऱ्यांची साथ, शाहिराचे मध्येच थांबून गद्यात सांगणे, श्रोत्यांत उसळणारी वीरश्री हे सारे 'बॅलड'मध्ये येत नाही. बखरीला 'क्रॉनिकल' म्हणावे, पण तिची डौलदार वाक्ये त्या शब्दात मावत नाहीत. ओवी आणि अभंग यांना तर त्यांच्याच नावाने बोलवावे. दिलीप चित्रे यांनी तुकोबांचे अभंग इंग्रजीत नेले, ते पुस्तक 'सेज टुका' १९९१ साली प्रसिद्ध झाले. परभाषेत तुकोबांना पोहोचविणारा हा माणूस मराठीचाही कवी होता, हे विसरू नये.

शब्द चुकला तर वास्तू जाते

कोणी म्हणेल, शब्दांच्या या छाननीने काय साधणार? तीन इंग्रजी शब्द पाहावेत. 'कन्झर्व्हेशन' म्हणजे जतन. आहे ते टिकविणे. 'रेस्टोरेशन' म्हणजे पडझड झालेला भाग पुराव्याच्या आधारे पूर्वस्थितीत आणणे. 'रिनोव्हेशन' म्हणजे नूतनीकरण. त्यात जुने काढून नवे बसविता येते. आपल्या 'जीर्णोद्धार' या एका शब्दात हे तिन्ही अर्थ मिसळून जातात. कोकणातील गावोगावच्या देवस्थानांत लाकडी खांब, कोरीव तुळया, दगडी जोती आहेत. भक्तिभावाने पैसा उभा राहतो, जीर्णोद्धार ठरतो आणि जुने खांब जाऊन सिमेंटचे उभे राहतात. कोरीव दगडावर तैलरंग चढतो. हेतू शुद्ध असतो, परंतु वारसा जातो. अंदाजपत्रकात आणि करारात कोणता शब्द लिहिला आहे, हे विश्वस्त मंडळातील एखाद्याने जरी समजून विचारले, तरी एखादे मंदिर वाचेल.

मातृभाषेच्या पायावर

इंग्रजीचा एवढा आग्रह म्हणजे मराठीशी प्रतारणा नव्हे काय, अशी शंका काही निष्ठावंत मनांत येईल. तिचे उत्तर इतिहासात आहे. बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू केले, तेव्हा त्याच्या पानावर मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी छापला जाई. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ केली, दिग्दर्शक, दिनांक, महापौर असे शब्द रूढ केले. त्याच सावरकरांनी जगाला सांगावयाचे होते तेव्हा 'हिंदुत्व' हा ग्रंथ इंग्रजीत लिहिला. रायगड जिल्ह्याचेच सुपुत्र चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री झाले. त्यांचा सारा व्यवहार इंग्रजीत चाले, आणि त्याच माणसाने कालिदासाचे मेघदूत मराठीत आणले. दोन्ही तीरांवर पाय रोवून उभे राहणे शक्य आहे, हे या मातीने दाखविलेले आहे.

यासाठी मोठा खर्च नको. प्रत्येक घराने एक वही करावी आणि पानावर तीन रकाने आखावेत. पहिल्यात आपला शब्द, दुसऱ्यात इंग्रजी शब्द, तिसऱ्यात मुलाने स्वतः रचलेले एक साधे इंग्रजी वाक्य. महिन्यातील एका रविवारी ओहोटीची वेळ पाहून कुलाब्यात जावे, कधी रेवदंड्याच्या कोटात, कधी चौलच्या रामेश्वराला. आजोबांना पडवी, ओटी, माजघर, पोटमाळा यांतील फरक विचारावा. तो इंग्रजीत कसा सांगता येईल याचा प्रयत्न मुलांनी करावा. अडेल तेथे मोल्सवर्थचा कोश उघडावा. १८३१ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या या कोशात मराठी शब्दाचे इंग्रजी विवरण मिळते. शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि मराठी विश्वकोश हेही हाताशी ठेवावेत. एका भेटीत दहाच शब्द घ्यावेत, परंतु ते वस्तूकडे बोट दाखवून घ्यावेत. वर्षाअखेरीस शंभराहून अधिक शब्द होतील आणि प्रत्येकामागे पाहिलेला दगड असेल.

कुलाबा किल्ल्याच्या तटावर चाकांच्या गाड्यांवर दोन तोफा उभ्या आहेत. त्यांच्यावर इंग्लंडमधील यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचे नाव इंग्रजीत कोरलेले आहे. सहलीला येणारी मुले त्या तोफांजवळ छायाचित्रे काढतात आणि तेवढेच अक्षर वाचून जातात. ज्या तटावर त्या तोफा ठेवल्या आहेत, त्या तटाच्या दगडांवर काहीही कोरलेले नाही. त्यांची गोष्ट कोणी तरी उभे राहून सांगावी लागते. ती मराठीत तर सांगता यावीच. पण समोरचा परका पाहुणा विचारील तेव्हा त्याच्या भाषेत, आपल्या शब्दांसह, न अडखळता सांगता यावी. त्यासाठीची पहिली दहा शब्दांची यादी येत्या रविवारी प्रत्येक घरात लिहिली जावो.